चार रवले मागे

२ नोव्हेंबर, तारकर्ली

वही रसिकानं दिली. कणकवलीला कॉलेजच्या बाजूच्या दुकानातून आणली, चांगली जाड पुठ्ठ्याची. म्हणाली, "बाबा, थंयसर फोन लागूचो नाय. रोज वायच लिवा." मी म्हटलं, बारावीनंतर मी जे काही लिहिलं ते डॉल्फिन बघायला आलेल्या पाहुण्यांच्या पावत्यांवर. ती हसली नाही. सतरा वर्षांची झाली, माझ्या विनोदांना हसणं बंद केलंय तिनं.

उद्या निघायचं. गोव्याहून मुंबई, तिथून पुढं आणखी तीन विमानं, आणि शेवटी अर्जेंटिनातलं एक गाव, ज्याच्यापुढं रस्ता नाही. तिथून जहाज दक्षिण ध्रुवाकडं जातं. प्रवासी असतात बहुतेक पैसेवाले आणि म्हातारे. जहाज किनाऱ्याला लागत नाही, म्हणून त्यांना रबरी होडीतून बर्फावर न्यायचं आणि परत आणायचं. ते काम माझं. पंचवीस वर्षं मी तारकर्लीच्या आणि देवबागच्या पाण्यात होडी चालवलीय, संगमावर भरतीच्या वेळी चालवलीय. होडी चालवायचं मला कुणी शिकवू नये.

नोकरी मॅक्सवेलनं लावली. मालवणचा, पिएदाद मावशीचा मुलगा, माझ्याच वर्गातला. दहा वर्षं तो असल्या जहाजांवर आहे. पुढच्या मोसमात होड्यांचा मुख्य होण्याची त्याची पाळी आहे, आणि साहेबांना त्यानं माझ्या नावाची खात्री दिलीय.

वाडीत घरोघरी जाऊन 'येतंय' सांगून आलो. बायको, सारिका, दोन दिवस बोलत नाही. बॅग मात्र तिनंच भरली आणि त्यात कुळथाच्या पिठाची पुडी कोंबली. पाच महिन्यांचा प्रश्न आहे. रसिकाच्या पुढच्या शिक्षणाची सोय होईल.

१२ नोव्हेंबर, जहाजावर

आज आम्हा सगळ्यांच्या बॅगा आणि कपडे तपासले. चोरीसाठी नाही, मातीसाठी. तिथं बाहेरचं बी, कुसळ, माती काही न्यायचं नाही. खिसे व्हॅक्यूमनं साफ करतात, बुटांचे तळवे ब्रशनं घासतात. माझ्या जाकिटाच्या शिवणीतून चिमूटभर वाळू निघाली. तपासणाऱ्या पोरीनं विचारलं, कुठली? मी म्हटलं, तारकर्ली. तिनं ती कागदात घेतली आणि कचऱ्यात टाकली. बरोबरच आहे, नियम तो नियम. पण वाईट वाटलं.

कुळथाचं पीठही गेलं.

१६ नोव्हेंबर

दोन दिवस जहाज नुसतं लोळत होतं. मला उलटी झाली नाही हे इथं लिहून ठेवतो, कारण मॅक्सवेलला झाली आणि तो कबूल करणार नाही.

आज पहिला बर्फ पाहिला. काय लिहू? मला शब्द सापडत नाहीत. इतकं मोठं आणि इतकं गप्प काही मी पाहिलेलं नाही. होडी पाण्यात उतरवल्यावर पाण्याला हात लावून कपाळाला लावला. हातमोजा काढून लावला, त्यामुळं नंतर अर्धा तास बोटं माझी नव्हती. मॅक्सवेलनं क्रुसाची खूण केली. कुणी पाहिलं नाही.

२४ नोव्हेंबर

आज अब्रू गेली.

होडीत दहाच प्रवासी घ्यायचे, वाट दाखवणारा असला तर तो वेगळा. माझी भरली, तेव्हा मी वॉकीटॉकीवर सांगितलं, "आय अ‍ॅम फुल." पलीकडून आमच्या मोहिमेच्या प्रमुख, लीडरबाई म्हणाल्या, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग हसण्याचा आवाज आला. एकाचा नाही, सगळ्यांचा. त्या चॅनेलवर जहाजावरचे, किनाऱ्यावरचे, सगळे ऐकत असतात. मी 'मी मूर्ख आहे' असं ओरडून सांगत होतो, असं मला मॅक्सवेलनं नंतर समजावलं. दुपारी जेवताना एकानं मला टोपी काढून 'हॅलो, मिस्टर फूल' म्हटलं. प्रेमानंच म्हणाला असेल. मी ताट उचलून दुसरीकडं बसलो.

संध्याकाळी मॅक्सवेलला म्हटलं, "आजपासून तू माज्याशी आपल्या भाषेत बोल. माका थंयसर तोंड उघडूक लाज वाटता."

"नियम आसा रे, चॅनेलवर इंग्लिशच. तू बोल, चुकत चुकत येता."

"नियम त्येंका. आपण दोगांनी काय बोललां ता त्येंका कित्याक व्हयां?"

त्यानं वॉकीटॉकीची बॅटरी काढून चार्जरला लावली. मग म्हणाला, बरां.

१ डिसेंबर

लीडरबाईंनी मॅक्सवेलला बोलावून झापलं, चॅनेलवर दुसरी भाषा का बोलतोस म्हणून. त्यानं सॉरी म्हटलं. माझं नाव घेतलं नाही. दुपारी पुन्हा मालवणीत सुरू. मला तर आता काम हलकं वाटतं. बर्फात सुद्धा आपला आवाज कानात आला की हात नीट चालतो.

२५ डिसेंबर

नाताळ. मॅक्सवेल जहाजाच्या फोनवरून मावशीशी चार मिनिटं बोलला, आणि फोन ठेवून दहा मिनिटं भिंतीकडं बघत बसला. मावशीचं वय झालंय आणि घरात ती एकटी. 'पुढच्या मोसमाक मुख्य झालंय की चार म्हयने काम आणि आठ म्हयने घर,' म्हणाला. मी त्याला म्हटलं, मुख्य झालास की मला शिव्या देशील. तो म्हणाला, त्या आताही देतोच, पण मनात.

५ जानेवारी

नवे प्रवासी चढले. त्यात एक जपानी जोडपं आहे, ओगावा नावाचं. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, बारीक, ताठ. आयुष्यभर ट्राम चालवली. त्याला इंग्रजी माझ्याइतकंच येतं, म्हणजे नाहीच. होडीत चढताना मी त्याचा हात मनगटाशी धरला, तसं त्यानं माझ्या इंजिनाच्या दांड्याकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीकडं, आणि हातानं ट्रामचा ब्रेक ओढून दाखवला. मी हसलो. आम्ही दोघंही माणसं पोचवणारे.

७ जानेवारी

ओगावा रोज माझ्याच होडीत बसतो. दुसऱ्या होडीत जागा असली तरी थांबतो. त्याच्या खिशात छोटी चित्रवही आहे. आज त्यानं माझं चित्र काढलं, दांड्यावर हात ठेवलेला मी. नाक जरा मोठं काढलंय. बायकोचा गुडघा दुखतो, त्यामुळं ती जहाजावरच राहते आणि त्याच्यासाठी डब्यात काहीतरी भरून देते. सारिकाची आठवण आली.

९ जानेवारी

आज लिहिणार नाही.

१० जानेवारी

लिहायला हवं. डोक्यात फिरत राहिलं तर मी वेडा होईन.

काल उतरण्याची दोन ठिकाणं होती. एक मोठा किनारा, पेंग्विनांचा. दुसरी, कड्याच्या टोकापलीकडं एक लहानशी खाडी, तिथं सील झोपलेले असतात. मधे उभा कडा, पायी जाता येत नाही, होडीनंच वळसा घालायचा. खाडीत चौदा प्रवासी होते आणि सोबत कामिला, चिलीची पोरगी, वाट दाखवणारी. कड्यामागून तिचा वॉकीटॉकी जहाजापर्यंत पोचत नाही, म्हणून तिथली खबर होडीवाल्यांनी एकमेकांना द्यायची असते. खाडी मॅक्सवेलकडं आणि माझ्याकडं होती. मोठ्या किनाऱ्याला मदत करायची ती जागा असली तर. तिथं तिसरी होडीही होती.

साडेतीनला हिमनदीवरून वारा सुटला. हा वारा सांगून येत नाही. पाच मिनिटांत पाणी पांढरं झालं आणि बर्फाचा चुरा एका बाजूला ढकलला जायला लागला. लीडरबाईंनी सगळ्यांना परत यायला सांगितलं. मॅक्सवेल खाडीतून दहा माणसं घेऊन निघाला. मी मोठ्या किनाऱ्यावर होतो. माझ्या होडीत सहा माणसं, चार जागा रिकाम्या.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर त्याचा आवाज आला. वाऱ्यात तुटत तुटत, पण आला. "जितू, चार रवले मागे. येतंय रे."

म्हणजे चार राहिलेत आणि तो येतोय. दहा माणसं जहाजावर उतरवून परत त्यांना न्यायला येतोय. मला तसंच कळलं. दुसरं काय कळणार? मी किनाऱ्यावर थांबलेल्या चार माणसांना घेतलं, होडी भरली, आणि जहाजाकडं निघालो. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही, कारण लाटा समोरून येत होत्या.

जहाजाच्या शिडीशी मॅक्सवेलची होडी रिकामी उभी होती. त्यानं माझ्या होडीतली तोंडं एकेक करून बघितली.

"ते चार खंय?"

"खंय म्हणजे? तू येतंय म्हटलंस मां!"

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं होडी वळवली. मी माझी माणसं उतरवली आणि त्याच्यामागं गेलो.

खाडीचं तोंड बर्फानं बंद झालं होतं. चुरा नव्हे, घराएवढे तुकडे, एकमेकांवर घासणारे. आम्ही तीनदा आत घुसायला गेलो. माझ्या इंजिनाचा पंखा बर्फावर आपटून वाकला. पलीकडं किनाऱ्यावर लाल जाकिटं दिसत होती, पाच. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. आणि अडीअडचणीसाठी आणलेलं तंबू-कांबळ्यांचं पिंप मोठ्या किनाऱ्यावर ठेवलेलं. खाडीत एक लहान पिशवी होती, तिच्यात दोन कांबळी.

पाच तासांनी वारा पडला आणि वाट झाली. ओगावा कामिलाच्या मांडीवर होता. तिनं त्याची छाती दाबून दाबून स्वतःचे हात सुजवून घेतले होते. त्याचं हृदय बंद पडून तास झाला होता. त्यानं आपलं कांबळं एका बाईला दिलं होतं म्हणे.

त्याला होडीत घेताना मी मनगट धरलं. सवयीनं. मला रडू आलं आणि मी रडलो, सगळ्यांसमोर.

हा मॅक्सवेल असं कसं करू शकतो? येतो म्हणाला आणि आला नाही. दहा वर्षांचा अनुभव, मुख्य व्हायला निघालेला. मी त्याच्याशी बोललो नाही. तोही बोलत नाही. बोलेल कुठल्या तोंडानं?

११ जानेवारी

ओगावाची बायको आज मला शोधत आली. सोबत जहाजावरची दुभाषी बाई. तिनं मला वाकून नमस्कार केला, खूप खाली. म्हणाली, 'माझे पती रोज तुमच्याबद्दल सांगायचे, माझा होडीवाला म्हणायचे. तुम्ही असता तर ते घाबरले नसते.' तिला कुणीतरी सांगितलंय की दुसरा होडीवाला येतो म्हणाला आणि आला नाही. मग तिनं चित्रवहीतलं माझं पान फाडून मला दिलं.

मी घेतलं. केबिनमध्ये येऊन ते या वहीत ठेवलं आणि मग बाहेर काढून बॅगेच्या तळाशी ठेवलं. तिचं एवढं भलं बोलणं मला सहन का होत नव्हतं, कळत नाही. दुःखात माणसाला काही सुचत नाही, हेच खरं.

१३ जानेवारी, बंदरात

कंपनीचा माणूस चढला. त्यानं मला एकट्याला बोलावलं. जहाजावर सगळं बोलणं रेकॉर्ड होतं हे मला माहीत नव्हतं. त्यानं लॅपटॉपवर ते लावलं. वाऱ्याचा आवाज, आणि त्यात मॅक्सवेल: जितू, चार रवले मागे, येतंय रे. चारदा ऐकवलं. मी समोरचा चहा ओढून घेतला.

जहाजावर ही भाषा कळणारे आम्ही दोघंच. गोव्याचा एक आचारी आहे, पण त्याला अर्धंमुर्धं कळतं. साहेबानं सांगितलं, शब्दाला शब्द अर्थ लिहून दे. मी लिहून दिला: फोर आर लेफ्ट बिहाइंड. कमिंग.

त्यानं 'कमिंग'खाली रेघ मारली. विचारलं, ह्या शब्दाचा दुसरा काही अर्थ होतो का?

मी नो म्हणालो.

येतंय म्हणजे येतंय. शब्दकोशात बघा. मी काही खोटं सांगितलेलं नाही. शिवाय इंग्रजीत मला यापुढं काही समजावता आलंही नसतं. मग त्यानं विचारलं, तुम्ही चॅनेलवर इंग्रजी का बोलत नव्हता? मी गप्प राहिलो. त्यानं स्वतःच काहीतरी लिहून घेतलं.

बाहेर आलो तर दाराशी मॅक्सवेल आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. मी त्याच्या बाजूनं गेलो.

१४ जानेवारी

मॅक्सवेलला काढलं. आजच्या विमानानं परत.

तो बॅग घेऊन केबिनमध्ये आला. मला वाटलं माफी मागेल, किंवा भांडेल. मी दोन्हीची तयारी केली होती. तो नुसता खाटेच्या कडेवर बसला. म्हणाला, "तुजां कंत्राट मार्चपर्यंत आसा. निभावून ने. चेडवाचां शिक्षण आसा मां तुज्या."

"आणि तुजां काय?"

"माजां बगूया."

त्याचे डोळे लाल होते. पश्चात्ताप झाला असणार. पण झालेलं बोलण्यानं भरून येत नाही, म्हणून मी काही बोललो नाही. उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, दारात गेला. "येतंय रे," म्हणाला, आणि गेला.

मी दार लावून घेतलं.

१५ जानेवारी

लिहिण्यासारखं काही नाही.

२ फेब्रुवारी

आधीचा मुख्य कंत्राट संपून घरी गेला, आणि आज लीडरबाईंनी मला होड्यांचा मुख्य केलं, मोसम संपेपर्यंत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता मी चॅनेलवर इंग्रजीच बोलतो. फुल म्हणत नाही, 'टेन ऑन बोर्ड' म्हणतो. चुकत चुकत येतं, खरंच.

झोप येत नाही. इथं अंधार नीट पडत नाही, त्यामुळं असेल.

२८ मार्च, तारकर्ली

घरी आलो. सारिकानं माशांचं सार केलं होतं, मी दोन घास खाल्ले. वाडीत सगळे बर्फाच्या गोष्टी ऐकायला आले. मी पेंग्विनांच्या सांगितल्या. कुणीतरी मॅक्सवेलचं विचारलं, तो कसा लवकर आला म्हणून. मी म्हटलं, त्याला विचारा.

मालवणला बाजाराला गेलो, पण चर्चच्या मागं, मॅक्सवेलच्या गल्लीत गेलो नाही. सारिका म्हणाली, मावशीकडं जाऊन आलात का? म्हटलं, जाईन. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पुढं विचारलं नाही. बायकांना न विचारता कसं कळतं देव जाणे.

१९ एप्रिल

कंपनीचं पत्र आलं, ईमेलनं. चौकशीचा अंतिम अहवाल, सोबत पुढच्या मोसमासाठी मुख्य म्हणून माझं नाव. सही करून पाठवायची. रसिकाला म्हटलं, वाचून दाखव.

ती ओसरीवर बसून वाचायला लागली. मी जाळं विणत होतो. मधेच मॅक्सवेलचा जबाब आला. तिनं इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं: 'मी त्याला येतो असं सांगितलं. मी गेलो नाही. चॅनेलवर आमची भाषा मी माझ्या मनानं बोलत होतो. त्याचा यात दोष नाही.'

रसिका थांबली. मग रेडिओवरचं ते वाक्य तिनं मोठ्यानं वाचलं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, अडखळत. येतंय रे. आणि वर बघून म्हणाली, "बाबा, पण ह्येचो अर्थ मॅक्सवेल काका निघाले असो नाय? त्यांची होडी भरलेली. ते तुमका म्हणत होते, चार रवले, आता तुमी जावा. आपण जाताना येतंयच म्हणतो मां? जातंय कोण म्हणता?"

मी तिच्यावर ओरडलो. तुला समुद्रातलं काय कळतं, अहवाल वाचायला दिलाय, अक्कल शिकवायला नाही. ती कागद ठेवून आत गेली. सारिका दारात उभी होती.

सतरा वर्षांच्या पोरीला एका दमात कळलं. ओसरीवर बसून, वाऱ्याचा आवाज न ऐकता.

२० एप्रिल

वाऱ्यात मला खरंच तसंच ऐकू आलं होतं. देवाशपथ. ती चूक होती.

पण साहेबानं विचारलं तेव्हा वारा नव्हता. बंद खोली होती, चहा होता. दुसरा अर्थ होतो का, असं त्यानं सरळ विचारलं, आणि मी नो म्हणालो. तेव्हा मला माहीत होतं. शिडीशी तो माझ्याकडं बघत राहिला ना, तेव्हाच माहीत झालं होतं. ही वही मी पहिल्यापासून वाचून काढली. वाचवत नाही.

२२ एप्रिल

मालवणला गेलो. पिएदाद मावशी मला बघून उठली, आतून खुर्ची आणायला लागली. तिला काही माहीत नाही. "कंपनीन माणसां कमी केली म्हणता माजो झील," म्हणाली. "तू वायच सांग मां त्येंका, जितू. दुसरे बोटवाले पण घेनत नाय." मी हो म्हटलं. मॅक्सवेल कुठं, तर वेंगुर्ल्याला, जेटीवर, बर्फाच्या कारखान्यात.

तसाच वेंगुर्ल्याला गेलो. तो लाद्या फोडून मासळीच्या टपांत भरत होता. हातमोजे नव्हते. मला बघितलं, टोच्या खाली ठेवला आणि म्हणाला, "च्या घेवया."

टपरीवर बसलो. मी विचारलं, "कित्याक तू तसां लिवन दिलंस?"

"त्येंनी माका तुजो कागद दाखवलो. तू कमिंग लिवलेलंस. मगे मी दुसरां सांगलंय आसतंय तर दोगांतलो एक खोटो ठरलो आसतो, आणि दोगांकय काढलां आसतां. म्हटलां, एक तरी रवांदे."

"माका विचारूक व्हयां होतां."

"काय विचारू? तू बोलत नाय होतंस."

मला वर बघता येईना. तो म्हणाला, "माजीय चूक आसा रे, जितू. 'यू टेक फोर' म्हटलां आसतां तर संपलां आसतां. धा वर्सां तां शिकलंय मी. त्या दिवशी घाईत तोंडात आपलां इलां."

"तुज्या तोंडात आपलां मी घातलां."

त्यानं चहाचा घोट घेतला. मी सांगितलं की सगळं लिहून पाठवणार आहे, माझा नो सुद्धा. त्यानं ग्लास ठेवला. "लिवलंस तर तुजी नोकरी जायत. आणि माका परत घेतले असां नाय. मगे फायदो काय?"

मी म्हटलं, तरी लिवतंय. तो उठला. टप भरायचे राहिले होते. जाताना म्हणाला, "लिवशीत तर त्या बाईक पण लिव. म्हाताऱ्याच्या बायलेक. तिका माजां तोंड आठवत आसतलां."

२३ एप्रिल

सकाळी रसिकाला सॉरी म्हटलं. तिला अवघडल्यासारखं झालं, मलाही. मग तिला लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसवलं. मी मराठीत सांगायचं, तिनं इंग्रजीत लिहायचं. सारिकानं कांदे आणून आमच्याजवळ चिरायला घेतले. दोन दिवसांत मी तिला सगळं सांगितलंय. रसिकाच्या पुढच्या शिक्षणाचं काय, हे तिनं विचारलं नाही. कांदे मात्र खूप वेळ चिरत राहिली.

मी सांगत गेलो. माझ्या गावी निघणारा माणूस जातो म्हणत नाही, अशुभ मानतात, येतो म्हणतो. मॅक्सवेल निघतोय असं सांगत होता. चारजण माझ्यासाठी ठेवले होते आणि माझ्या होडीत चार जागा होत्या. चॅनेलवर आमची भाषा बोलायला मीच त्याला भाग पाडलं, कारण लोक मला हसले होते.

रसिका टाइप करता करता थांबली. "बाबा, येक विचारू? दुसरो अर्थ तुमका तेवा म्हायत होतो?"

"होडीत नाय. खोलीत होतो."

"आणि तुमी नो म्हणालात."

"व्हय."

"तसांच लिवू?"

"तसांच लिव."

तिनं लिहिलं. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता, पण बोटं थांबली नाहीत. मुख्याच्या नोकरीवर मी सही करत नाही, तेही लिहिलं. पत्र गेलं.

मग दुसरं. ओगावाच्या बायकोचा पत्ता माझ्याकडं नाही, कंपनीमार्फतच पाठवावं लागेल. त्यात काय लिहायचं हे रात्रभर ठरवलं होतं, तिच्या गुडघ्याची चौकशी करायची, त्याच्या ट्रामबद्दल लिहायचं, कांबळं त्यानं दुसऱ्याला दिलं ते लिहायचं. तोंड उघडलं तर त्यातलं काहीच आलं नाही. रसिका वाट बघत होती. सारिकानं सुरी खाली ठेवली.

मी म्हटलं, एवढंच लिही. न आलेला माणूस मॅक्सवेल नव्हता. तुमच्या नवऱ्याला आणायची पाळी माझी होती, आणि मी गेलो नाही.